दादा, तुझे रविवारचे पाल्ट

दादा,

शुक्रवारी क्रिमेटोरियममध्ये तुझ्या ऑफिसमधली माणसं तुझ्याबद्दल बोलली. किती शांत माणूस, म्हणाली. कधी आवाज चढवला नाही, कधी घाई केली नाही. मी पहिल्या रांगेत वहिनीशेजारी बसून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, यांनी आमच्या दादाला रविवारी सकाळी पाहिलेलं नाही. वॉटफर्डच्या त्या लहानशा किचनमध्ये, कोपरापर्यंत पिठाने माखलेला, पातेल्यात डोकावून "फुटला! निले, परत फुटला साला!" म्हणून ओरडणारा शांत माणूस.

मलाही चार शब्द बोलायला सांगितलं होतं. मी नाही म्हणाले. जन्मभर तुझ्याशी इंग्रजीत भांडले नाही, तर तुझ्याबद्दल इंग्रजीत काय बोलणार? म्हणून आता बोलते आहे, आपल्या भाषेत, थेट तुझ्याशीच.

हे पाल्टचं प्रकरण कसं सुरू झालं ते तुला काय सांगायचं, पण सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. वहिनीची आई गेली, आणि तिकडे स्वीडनच्या पार उत्तरेला, त्या बर्फाच्या गावात, तिचे वडील एकटे राहिले. एका हिवाळ्यात ते अंगणात घसरून पडले आणि शेजाऱ्यांना बऱ्याच वेळाने दिसले. वहिनी जाऊन त्यांना घेऊन आली. तुझी तारा त्यांना मॉरफार म्हणते. आईच्या वडिलांना त्यांच्यात तसं म्हणतात. मग आपणही सगळे मॉरफारच म्हणायला लागलो. उंच, ताठ, आयुष्यभर औषधाच्या दुकानात पांढरा कोट घालून उभा राहिलेला माणूस. इंग्रजी चांगलं येत होतं त्यांना, फक्त बोलायचं नव्हतं. लेकीशी स्वीडिशमध्ये दोन वाक्यं, ताराच्या डोक्यावरून हात, आणि उरलेला दिवस समोरच्या खिडकीतून शेजाऱ्यांच्या कुंपणाकडे बघत बसणं.

जेवायचे नाहीत. ब्रेडची एक स्लाइस, चीजचा तुकडा, काळी कॉफी. पँट कमरेवरून उतरायला लागली. जीपीने, इथल्या नेहमीच्या डॉक्टरने, तपासलं आणि सांगितलं, शरीराला काही झालेलं नाही, ते दुःखात आहेत, वेळ द्या. वहिनी ऑफिसमधून आली की आधी ड्राइव्हवेमध्ये गाडीतच बसून रडून घ्यायची, आणि मग तोंड पुसून घरात यायची. तू ते वरच्या खिडकीतून पाहिलंस, मला फोनवर सांगितलंस. खाली जाऊ की नको, हेच कळेना म्हणालास.

मग एक दिवस तू तिला विचारलंस, "तुझी आई रविवारी काय करायची?"

"पाल्ट," ती म्हणाली.

मला आधी काहीतरी फुलाचं नाव वाटलं होतं. निघाला तो कच्चा आलू किसून, त्यात जवाचं पीठ घालून केलेला, आत खारवलेल्या पोर्कचे तुकडे भरलेला, पाण्यात शिजवलेला टेनिसच्या चेंडूएवढा करडा गोळा. वर लोणी, बाजूला लाल आंबटगोड लिंगनबेरीचा जॅम. दिसायला अगदीच गरीब. आणि खरी गंमत म्हणजे त्या घरात तो कुणालाच येत नव्हता. वहिनीच्या आईने लेकीला कधी किचनमध्ये उभंच केलं नाही, आणि मॉरफारनी जन्मभर नुसते खाल्ले. चव ठाऊक असलेली दोन माणसं, आणि करायला निघालेला तू. साधा चहा करता येत नव्हता तुला, दादा. आईने कधी शिकू दिलाच नाही.

मला पहिला फोन आला तो पिठासाठी. "निले, तुमच्या हॅरोमध्ये जवाचं पीठ मिळतं का गं?" वॉटफर्डच्या सुपरमार्केटमध्ये ते नव्हतं. आमच्या कोपऱ्यावरच्या गुजराती दुकानात ज्वारी-बाजरीच्या शेजारी निवांत पडलेलं होतं. जॅम त्या मोठ्या निळ्यापिवळ्या स्वीडिश फर्निचरच्या दुकानातून आणला. रविवारी सकाळी पिशवी घेऊन मेट्रोपॉलिटन लाइनने तुझ्याकडे आले, तर तू ॲप्रन बांधून, लॅपटॉपवर कुठल्याशा स्वीडिश बाईचा व्हिडिओ लावून, न कळणाऱ्या भाषेकडे टक लावून उभा होतास.

पहिल्या रविवारी लापशी झाली. तू नवे, पातळ सालीचे आलू आणले होतेस, सगळे पाण्याने भरलेले. गोळे पाण्यात सोडल्या सोडल्या विरघळले, आणि पोर्कचे तुकडे वर येऊन तरंगायला लागले. दुसऱ्या वेळी घाबरून इतकं पीठ घातलंस, की ताराने एक पाल्ट मागच्या पॅटिओवर आपटला आणि तो खरोखर उसळला. तिसऱ्या वेळी बाहेरून बरे दिसत होते, पण पाणी खळाखळा उकळत ठेवलंस आणि सगळे फुटले. दर वेळी मॉरफार टेबलाशी यायचे, ताटलीत बघायचे, मान हलवायचे आणि ब्रेड मागायचे. तू हसून ब्रेड द्यायचास. मला राग यायचा. त्या म्हाताऱ्या माणसाचा नाही, तुझ्या हसण्याचा.

"आलू उकडून का घेत नाहीस?" मी म्हणायचे. "उकडलेल्याचा गोळा छान बसेल."

"उकडलेल्याचा प्रकार वेगळा. तो दक्षिणेकडचा. मॉरफारच्या गावात कच्चाच."

"त्यांना काय कळणार आहे?"

"तेच तर कळतं त्यांना."

हा वाद आपला शेवटपर्यंत चालू राहिला. मी दोनदा घरी उकडलेल्या आलूचे करून डब्यातून आणले, आणि तू दोन्ही वेळा एकेक घास खाऊन "आलूबोंडा चांगला झालाय" म्हणालास. मला आजही वाटतं की उकडलेलेच बरे लागतात. आता तू नाही म्हणायला नाहीस, तर तेही काही खरं नाही.

आणि मग तो रविवार. थंडी होती, आलू जुने, कोरडे होते. किसून फडक्यात घालून तू ते मनगट दुखेपर्यंत पिळलेस. पारी मी करून दिली, कारण तेवढं तरी मला येतं. एकाला मोदकाच्या सवयीने वर शेंडी काढली, तर मॉरफार दारातून "नेय, नेय!" करत आले आणि त्यांनी आपल्या बोटाने ती शेंडी दाबून टाकली. किचनमध्ये पहिल्यांदाच आले होते ते. तू गॅस बारीक ठेवलास. लाकडी चमचा तळाशी हळूच फिरवत उभा राहिलास, बाळाच्या पाळण्याला झोका द्यावा तसा. वर आले एकेक. एकही फुटला नाही.

मॉरफारनी अर्धा पाल्ट कापला, लोणी लावलं, खाल्ला. उरलेला अर्धाही खाल्ला. दुसरा घेतला. मग सुरी खाली ठेवून वहिनीला काहीतरी म्हणाले. वहिनी हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. "पोर्क कमी पडलं म्हणतात," तिने सांगितलं.

तुझा चेहरा मला आत्ताही दिसतो. पोरगा बोर्डात आल्यासारखा.

मी ते तेव्हाच बोलले. बेसिनपाशी, दोघेच होतो आपण, तू पातेलं घासत होतास. मी म्हणाले, "आईला कधी तरी तुझ्या हातचं काही करून घातलं असतंस दादा. एकदा तरी."

आईचं काय झालं ते आपण दोघंच जाणतो. बाबांनंतर ती नागपूरला एकटी. तिचं हाड मोडलं तेव्हा तू तिला इकडे आणायची खटपट केलीस, व्हिसा नाकारला गेला, पुन्हा केलीस, पुन्हा तेच. वहिनीच्या वडिलांना युरोपातले म्हणून जे दार उघडं होतं ते आपल्या आईला नव्हतं, यात तुझा काही दोष नव्हता. मला माहीत होतं. आपण पाळीपाळीने जात राहिलो, आणि ती गेली तेव्हा तिच्याजवळ सांभाळणाऱ्या मावशी होत्या. तू विमानात होतास आणि मी विमानतळावर. हे सगळं मला माहीत होतं आणि तरीही मला ते बोलायचं होतं. कारण परक्या गावचा म्हातारा माझ्या भावाच्या हातचं गरम जेवत होता, आणि माझ्या आईला ते कधी मिळालं नव्हतं. माझं चुकलं असं मला आजही म्हणवत नाही. तुझं चुकलं असंही नाही.

तू मागे वळला नाहीस. नळ बंद केलास. म्हणालास, "पुसायचं फडकं दे गं."

बस. त्यानंतर आपण किती वेळा भेटलो, दादा, आणि ब्रेग्झिटपासून ताराच्या ब्रेसेसपर्यंत सगळ्यावर बोललो. त्यावर नाही. मी वाट बघत राहिले की तू काढशील. तू कदाचित वाट बघत असशील की मी विसरेन.

पण रविवार चालू राहिले. वहिनी ताराला स्विमिंगला घेऊन जायची, आणि तुम्ही दोघं किचनमध्ये. मॉरफार स्टुलावर बसून आलू सोलायचे, तू किसायचास. मी पोचेपर्यंत निम्मे आलू किसून झालेले असायचे. माझ्यासाठी तू मशरूम आणि कांदा भरलेले वेगळे करायचास, आणि ते ओळखू यावेत म्हणून चपटे करायचास. मॉरफारना ते पटायचं नाही, ते माझ्या ताटलीकडे दयेने बघायचे. पण त्यांची पँट कमरेवर राहायला लागली होती. उन्हाळ्यात त्यांना घेऊन गावी जायचं, बंद घर उघडायचं, खिडक्या रंगवायच्या, असं तुमचं दोघांचं ठरत होतं. वहिनी म्हणायची, "गेले की ते परत यायचे नाहीत." तू म्हणायचास, "मग नाही येणार. विचारू तर दे त्यांना."

आणि मग त्या मंगळवारी सकाळी तू स्टेशनकडे निघालास आणि पोचलाच नाहीस.

मला फोन वहिनीचा आला. ती स्वीडिशमध्ये बोलत होती. आपण स्वीडिशमध्ये बोलतो आहोत, हे तिला कळतच नव्हतं. मला एक शब्द कळला नाही, आणि सगळं कळलं.

इकडे माणूस गेला की लगेच निरोपही देता येत नाही, दादा. कागद, डॉक्टर, क्रिमेटोरियमची तारीख. दिवसामागून दिवस तू कुठल्याशा थंड खोलीत, आणि आम्ही तुझ्या घरात, तुझे बूट दारात तसेच ठेवून. हॅरोहून बायका डबे घेऊन येत होत्या. वरण-भात, पिठलं, इकडच्या ओव्हनमधल्या कॅसरोल. मॉरफार खोलीतून बाहेर येईनात. त्यांच्या दाराबाहेर ठेवलेली ताटली वहिनी तशीच उचलून आणायची, आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचो. पुन्हा तेच सुरू झालं, असं दोघींच्याही मनात यायचं.

पण शुक्रवारी ते आले. काळा कोट घालून, दाढी करून, काठी न घेता. दारात उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाशी हात मिळवला, आणि प्रत्येकाला इंग्रजीत सांगितलं, "मी त्याचा सासरा." तुझ्या मॅनेजरला, शेजाऱ्यांना, ताराच्या शाळेतल्या टीचरला. मी त्यांच्या तोंडून इंग्रजी पहिल्यांदा ऐकलं ते असं.

शनिवारी आम्ही टेबलाशी बसलो होतो. वहिनीच्या मामेबहिणीने तिकडे त्यांच्या गावाजवळ वृद्धांसाठी एक चांगली जागा बघून ठेवली होती. वहिनीला नोकरी सोडता येणार नाही, ताराची परीक्षा तोंडावर आली आहे. वहिनीने वडिलांना स्वीडिशमध्ये सांगायला सुरुवात केली. बराच वेळ ती बोलत होती. मॉरफारनी ऐकून घेतलं आणि उत्तर इंग्रजीत दिलं, मलाही कळावं म्हणून असेल.

"मी गेलो तर तारा शाळेतून येईल तेव्हा घरात कोण असेल?"

"पापा, तुमचं वय झालंय. तुम्हालाच कुणीतरी बघायला हवं."

"दार उघडता येतं मला," ते म्हणाले.

वहिनीने डोकं टेबलावर ठेवलं. तारा जिन्यावर बसून ऐकत होती. ती खाली आली आणि आजोबांच्या खुर्चीच्या हातावर बसली. "आत्या," ती मला म्हणाली, तिच्या त्या मोडक्या मराठीत, "मॉरफार इथेच राहणार आहे. डन झाला हा."

डन झालं, दादा. तुझ्यानंतर या घरात घेतलेला हा पहिला निर्णय, आणि तो तुझ्या बाजूचा का वहिनीच्या, मला ठरवता येत नाही. त्यांना कुणीतरी विचारावं असं तुला वाटत होतं. त्यांनी कुणी विचारायची वाटच बघितली नाही.

काल रविवार होता. मी लवकरच गेले. तारा स्विमिंगला जाणार म्हणाली. वहिनीला वाटलं नको, पण तारा म्हणाली पाण्यात बरं वाटतं. जाताना दारातून मला ओरडून सांगितलं, "आत्या, आधी पिळायची, मग पीठ! बाबा नेहमी विसरायची!" गाडी गेली. मी किचनमध्ये वळले तर मॉरफार तुझा ॲप्रन बांधून स्टुलावर बसले होते, मांडीवर आलूची पिशवी घेऊन.

म्हणाले, "तू किस."

मी किसायला घेतलं. मला सवय नाही त्या किसणीची. तिसऱ्या-चौथ्या आलूला बोटाचं सालटं निघालं आणि मी ओरडले, "आई गं!"

मॉरफार उठले. वरच्या ड्रॉवरमधून चिकटपट्ट्यांचा डबा काढला, त्यातली एक माझ्या बोटाला लावून दिली, औषधाच्या दुकानातल्या माणसासारखी, एकही सुरकुती न ठेवता.

"तूही त्याच्यासारखीच," ते म्हणाले. "दर रविवारी त्याला लागायचं."

"दादाला?"

"फार. तो तुमच्या भाषेत माझ्याशी बोलायचा. मी इंग्रजी बोलत नव्हतो ना, मग तो म्हणाला असेल, तसं तर तसं. बोलत राहायचा, किसत राहायचा, आणि मध्येच म्हणायचा, 'आय'. आमच्याकडेही लागलं की आम्ही 'आय' म्हणतो. बोलायचा, बोलायचा, आय. पुन्हा बोलायचा, आय." त्यांनी डब्याकडे बोट केलं. "म्हणून मी हा आणून ठेवला. पण त्याची बोटं बघितली तर रक्त कधी नसायचं. मला वाटायचं, भारतातली माणसं जरा नाजूक असतील."

मी किसणी खाली ठेवली, दादा.

"त्याला लागलं नव्हतं," मी म्हणाले. "आमच्या भाषेत आई म्हणजे मदर."

मॉरफारनी हातातली सुरी खाली ठेवली. खिडकीबाहेर बघितलं. "नुसतं आई?"

"नाही. आईला, आईने, आईचं. तो आमच्या आईबद्दल बोलत असणार."

"तर मग तो सगळा वेळ तिच्याबद्दलच बोलत होता," ते म्हणाले.

मी विचारलं, "आणि तो बोलायचा तेव्हा तुम्ही काय करायचात?"

"मीही बोलायचो. स्वीडिशमध्ये." त्यांनी अर्धा सोललेला आलू पुन्हा हातात घेतला. "मार्टाबद्दल."

मार्टा म्हणजे वहिनीची आई. म्हणजे इतके महिने रविवारी सकाळी तुम्ही दोघं त्या लहानशा किचनमध्ये बसून एकमेकांना आपापल्या गेलेल्या बाईबद्दल सांगत होतात, एकाला दुसऱ्याचं अक्षर कळत नसताना. आणि मी पिशवी घेऊन बेल वाजवली की तुम्ही गप्प होत होतात, आणि मी म्हणत होते, "काय रे, अजून पातेलं नाही चढवलंस?"

तू काय सांगितलंस रे त्यांना? विमानातलं सांगितलंस का? व्हिसाचं? तिच्या हातच्या कशाचं सांगितलंस? त्या दिवशी बेसिनपाशी मी जे विचारलं होतं, त्याचं उत्तर दिलंस का? मला आता ते कधीच कळणार नाही. ज्यांनी ऐकलं त्यांना कळलं नाही, आणि जिला कळलं असतं तिला तू सांगितलं नाहीस. या गोष्टीचा मला राग आहे, दादा, आणि तो इतक्यात जाणार नाही. पण काल त्याच्या शेजारी आणखी काहीतरी येऊन बसलं. तू गप्प नव्हतास. फक्त माझ्याशी गप्प होतास. माझ्याशी बोलणं तुला जड जात असेल, कारण मी उत्तर दिलं असतं.

"पुढे किस," मॉरफार म्हणाले. "काळे पडतात ते."

मी डोळे पुसले आणि पुढचा आलू उचलला. मग त्यांच्याशी मराठीत बोलायला लागले. तुझ्याबद्दल.